दादाचा पेपर

३ सप्टेंबर, मंगळवार

दादाला जाऊन आज एकवीस दिवस झाले. ही डायरी त्याचीच. मेण पुरवणारी कंपनी दरवर्षी त्याला एक डायरी पाठवायची आणि तो दरवर्षी ती कोरी ठेवायचा. म्हणायचा, "लिहिण्यासारखं काही घडलं की लिहीन." कपाटात अशा नऊ कोऱ्या डायऱ्या निघाल्या. यंदाची मी घेतली. त्याच्या नाही, माझ्या आयुष्यात तरी लिहिण्यासारखं घडलं आहे.

आम्ही दोघे भाऊ कवळ्या करतो. करायचो. दाताचे डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, त्यावरून आम्ही प्लास्टरचा साचा करतो, मेणात एकेक दात बसवतो, मग मेण काढून त्या जागी पक्का गुलाबी मसाला भरतो आणि घासूनपुसून कवळी डॉक्टरांकडे पाठवतो. दात बसवणं माझं, शेवटचा हात फिरवणं दादाचं. चौतीस वर्षं एका खोलीत पाठीला पाठ लावून दोन टेबलं. खोलीला आम्ही ऐटीत 'कारखाना' म्हणतो.

त्या सकाळी मी नेहमीप्रमाणे नऊला गेलो. तो टेबलावर डोकं टेकून बसला होता. मला वाटलं डुलकी लागली. "उठा साहेब, पेपर संपला का?" असं म्हणालोसुद्धा. पेपर शेजारच्या स्टुलावर होता, त्याची घडीही मोडलेली नव्हती. डॉक्टर म्हणाले, हृदय. त्याच्याशी बोललेलं माझं शेवटचं वाक्य ते, आणि तेही त्याने ऐकलं नाही.

वहिनीने मला काम लावलं आहे. तिची आणि दादाची एकुलती एक मुलगी महिनाअखेरीस येते आहे, पंधरा दिवसांसाठी. आवराआवर करून आईला आपल्याकडे घेऊन जाणार. फोनवर तिने आईला स्पष्ट सांगितलं, "मला त्यांचं काही नको. घड्याळ नको, फोटोही नको." अकरा वर्षं ती बापाशी बोललेली नाही.

वहिनी म्हणाली, "भाऊजी, तुम्हाला यांच्या सगळ्या गमती माहीत आहेत. एका वहीत लिहून काढा. रागावलेला बाप तिच्याजवळ आहेच. हसवणारा तिला तुम्ही द्या."

मी बरं म्हणालो. आधी इथे कच्चं लिहीन, मग वहीत नीट उतरवीन.

७ सप्टेंबर, शनिवार

चार दिवस लिहायला बसतो आहे. कागदावर उतरतं ते असं: कष्टाळू, मनमिळाऊ, शब्दाचा पक्का. वाचून मलाच प्रश्न पडला, हा कोण माणूस? फाडून टाकलं.

आज डोक्यातून कौतुक काढून टाकलं आणि त्याला नुसता डोळ्यांसमोर आणला, तर पहिल्यांदा आठवलं ते हे. दादाला माणसं लक्षात राहत नसत, दात राहत. रस्त्यात कुणी ओळखीचं हसलं की हा गोंधळायचा. तो पुढे गेला की मला म्हणायचा, "नाव आठवत नाही, पण वरची आपली आहे, तीन वर्षांपूर्वीची. पुढचे दोन जरा जास्तच पांढरे बसलेत." अनोळखी माणूस भेटला तर त्याला आधी विनोद सांगायचा. सगळीकडे ख्याती, की दोघां भावांतला मोठा फार विनोदी आहे. विनोदाशी याला काही देणंघेणं नव्हतं. समोरच्याने आ करून हसावं आणि याला मागच्या दाढा दिसाव्यात एवढाच हेतू. त्याला एकूण तीनच विनोद येत होते. त्यांवर त्याने अख्खं आयुष्य काढलं.

हे लिहिताना हसू आलं. त्याचे स्वतःचे दात शेवटपर्यंत शाबूत होते, बत्तीसच्या बत्तीस.

१२ सप्टेंबर, गुरुवार

कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी एक कवळी परत पाठवली. चावताना टेकत नाही म्हणे. आजवर त्यांच्याकडून काही परत आल्याचं मला आठवत नाही. मेणाचं नवं खोकं फोडलंय, त्याचाच दोष. हल्लीच्या मालात पूर्वीचा कस नाही.

वहीसाठी दुसरी गंमत: दादाला कवळी चावली ती.

पोरगी तेव्हा हेच काम शिकत होती. परीक्षेसाठी तिने एक पूर्ण कवळी केली, वरची नि खालची. पास झाल्यावर दादाने ती मागून घेतली आणि मागच्या खिशात घालून महिनाभर डॉक्टरांच्या दारोदार फिरला. "बघा तर, हे काम कुणाचं असेल?" तोंडावर मात्र असा आव, की सहज सापडली. एक दिवस बसमध्ये जागा मिळाली, हा विसरून धपकन बसला आणि तेवढ्याच वेगाने उठला. शेजारच्या बाईला वाटलं याला सीटमधला खिळा टोचला. याने खिशातून कवळी काढून दाखवली आणि शांतपणे म्हणाला, "चावा उत्तम जमलाय." ती बाई पुढच्या थांब्याला उतरून गेली.

पोरीला यातलं किती माहीत आहे कोण जाणे. कवळी घेऊन तो फिरायचा हे त्याने घरी सांगू दिलं नाही. म्हणायचा, डोक्यात हवा जाईल.

१८ सप्टेंबर, बुधवार

घरात मन लागत नाही म्हणून कारखान्यात जातो, तिथे पाठीमागे कुणी नसतं म्हणून घरी येतो. आज दोनदा मागे न बघता "दादा, ती कातर दे" असं म्हणालो.

दारातून आत शिरताना डावा खांदा चौकटीवर आपटला. हे घरही अलीकडे अंगावर येतं. वहिनी धावत आली, "भाऊजी, जपून हो." मी म्हणालो, चौकट आपली जागा सोडून पुढे आली आहे, मी काय करू.

बाहुलीची गोष्ट लिहिली. पोरगी पाच वर्षांची असताना तिच्याकडे एक बाहुली होती, तोंड उघडं आणि आत दात नाहीत. तिने बापाला विचारलं, "ही जेवते कशी?" दादाने ते फारच मनावर घेतलं. दोन रविवार खपून बाहुलीच्या तोंडाच्या मापाची कवळी केली, तांदळाएवढे दात. बसवली आणि बाहुलीकडे बघून मीच दचकलो. पोर तर किंचाळत आईच्या मागे लपली. मग दादाने टेबलावर पांढरं फडकं अंथरलं, बाहुलीला आडवी केली, कापूस घेतला आणि रीतसर दात काढले. प्रत्येक दातानंतर बाहुलीला विचारायचा, "दुखत नाही ना?" पोर लांबून बघत होती. शेवटच्या दाताला ती जवळ आली आणि तिनेच बाहुलीचा हात धरला.

पोरीचं नाव त्याने 'अक्कलदाढ' ठेवलं होतं. उशिरा आली, येताना सगळ्यांचा जीव काढला, आणि आल्यावर हिला सगळं कळतं असं वागायला लागली. मोठेपणीही तो तिला तशीच हाक मारायचा. ती घर सोडून गेली त्या दिवसापर्यंत.

२४ सप्टेंबर, मंगळवार

आणखी दोन परत आल्या. डॉक्टरीणबाई या वेळी स्वतः आल्या. बाई भल्या आहेत, आधी वहिनीची चौकशी केली, मग म्हणाल्या, "तिन्ही कवळ्यांत डावी बाजू उंच आहे हो. पेशंट म्हणतात, एकाच बाजूने चावलं जातं."

मी त्यांच्यासमोर तपासलं. तपासायची रीत साधी असते. बिजागरीच्या चौकटीवर वरची-खालची कवळी लावायची, मध्ये निळा कागद धरायचा आणि टकटक मिटवायची. जो दात उंच असेल त्यावर निळा ठिपका उमटतो. मला तर सगळं ठीक दिसलं. म्हणालो, "बाई, लोकांनाच एका बाजूने चावायची सवय असते."  बाई तिन्ही कवळ्या टेबलावर ठेवून गेल्या. मला राग आला. चौतीस वर्षं मी दात बसवतोय, त्या शाळेत जात होत्या तेव्हापासून.

राग घालवायला जज्जसाहेबांची गोष्ट लिहिली. दादाच्या हातून झालेली एकमेव चूक. एक निवृत्त जज्ज आणि एक गाण्याच्या बाई, दोघांची कामं एकाच दिवशी गेली आणि चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. आठवड्याने उलगडा झाला, तर जज्ज परत द्यायला तयार नाहीत. म्हणाले, "मला पहिल्यांदाच शिटी वाजवता येते आहे." दादाने दोघांची माफी मागितली, आपल्याच हातून झालं म्हणाला, आणि दोघांना नव्या करून दिल्या. चिठ्ठ्या नेहमी मी लावतो, पण त्या दिवशी म्हणे त्याने लावल्या होत्या. मला काही आठवत नाही. मी आजारपणातून उठून नुकताच कामाला लागलो होतो.

२६ सप्टेंबर, गुरुवार

त्या आजारपणाचं वर्ष वाईटच गेलं. डोक्यात कुठलीशी शीर तुंबली, दीड महिना हॉस्पिटलात. पण उठलो तो खडखडीत. हात, पाय, जीभ, सगळं जागच्या जागी. तिथल्या डॉक्टरांनी दादाला बाजूला घेऊन काय पथ्यपाणी सांगायचं ते सांगितलं.

आणि त्याच वर्षी पोरीचं दादाशी भांडण झालं. शिक्षण संपवून ती म्हणाली, "बाबा, मी आपल्याच कारखान्यात बसते." मला केवढा आनंद झाला होता. दादा म्हणाला, नाही. का नाही? खोलीत दोनच टेबलं मावतात. ती म्हणाली, "काकांचं खिडकीकडे सरकवू." तेव्हा तो जन्मात ओरडला नव्हता तसा ओरडला, "काकाच्या टेबलाला हात लावायचा नाही." ती म्हणाली, "माझं काम चांगलं नाही, असं सरळ सांगा." तो म्हणाला, "तुझी नजर फार तयार आहे. ती इथे नको." असलं कसलं कारण? मला ते कौतुक वाटलं, तिला अपमान. तिसऱ्या दिवशी ती दुसऱ्या गावी नोकरीला निघून गेली. मी दादाला पुष्कळदा विचारलं, तो विषय बदलायचा. देवमाणूस होता, पण त्या एका बाबतीत पोरीवर त्याने अन्याय केला हे मला लिहिलंच पाहिजे.

जाऊ दे. वही हसण्यासाठी आहे. शेवटची गंमत लिहिली, माझी सर्वांत आवडती: दादाचं पेपरवाचन.

दादा आठ वाजता कारखान्यात जायचा, मी नऊला. तासभर आधी का? तर म्हणे, झोप लवकर मोडते, निवांत पेपर वाचायला मिळतो. अकरा वर्षं हा माणूस रोज तासभर पेपर वाचत होता, आणि त्याला जगातली एक बातमी माहीत नसायची. मी विचारायचो, "काय म्हणतोय पेपर?" उत्तर ठरलेलं, "विशेष काही नाही." एकदा अख्खं गाव पुरात बुडालं होतं, पहिल्या पानावर फोटो, आणि हा म्हणतो विशेष काही नाही. शाई मात्र बोटांना इतकी लागलेली असायची, की अंगठा आणि दोन बोटं निळी. मी म्हणायचो, "दादा, बातमी डोक्यात जायच्याऐवजी बोटांत जाते तुझ्या." तो बोटं पँटला पुसून हसायचा.

२९ सप्टेंबर, रविवार

अक्कलदाढ आली. केस कापलेत, चष्मा लागलाय, चाल सगळी बापाची. माझ्या पाया न पडता सरळ गळ्यात पडली. दादाच्या खोलीत मात्र गेली नाही, बॅग बैठकीतच ठेवली.

जेवताना वहिनीने सवयीप्रमाणे माझं ताट मध्येच फिरवलं. ही तिची जुनीच खोड आहे, अर्धं जेवण झालं की ताट अर्धं वळवते. मी कधी कारण विचारलं नाही, बायकांच्या स्वयंपाकघरातल्या पद्धतीत मी तोंड घालत नाही. पोरगी घास हातात धरून बघत राहिली. कधी आईकडे, कधी माझ्या ताटाकडे. मग आईने मान हलवली आणि ती पुन्हा जेवायला लागली.

वही अजून दिलेली नाही. धीर होत नाही. तिला हसू आलं नाही तर दादाला मी पुन्हा एकदा घालवला असं होईल.

५ ऑक्टोबर, शनिवार

आज वही दिली. कारखान्यातच दिली, म्हणालो, "एकदा बघून तरी घे खोली." ती दादाच्या खुर्चीवर बसली. बसण्याआधी क्षणभर खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती, ते मी पाहिलं.

वही उघडताच म्हणाली, "काका, केवढा समास सोडलाय. डावीकडचं अर्धं पान कोरंच."

"सवय आहे."

"पूर्वी नव्हती."

मग वाचायला लागली. मी आपल्या कामात असल्याचं दाखवत होतो, पण कान सगळे मागे. तीन विनोदांशी नाकातून हसली. बाहुलीशी थांबली आणि म्हणाली, "मला फक्त ती दात असलेली बाहुली आठवते. अजून स्वप्नात येते. हे 'दुखत नाही ना' मी विसरलेच होते." बसमधली गोष्ट वाचून मोठ्याने हसली, मग वही खाली ठेवली.

"ती माझी कवळी होती?"

"तुझीच. महिनाभर खिशात."

"मला म्हणाले होते, ठीक आहे. बस, ठीक आहे एवढंच."

"अगं, दहा डॉक्टरांना दाखवली. तुला सांगायचं नाही अशी ताकीद."

तिने चष्मा काढून पुसला. पुन्हा वाचायला लागली. पान उलटल्याचा आवाज आला आणि मग काहीच आवाज नाही. मला वाटलं पेपरच्या गोष्टीवर ती सगळ्यात जास्त हसेल.

"काका, बोटं निळी व्हायची?"

"हो ना. कुठला पेपर निळ्या शाईत छापतात देव जाणे."

"तुम्ही बसवलेले दात संध्याकाळी कुठे ठेवायचात?"

"त्याच्या टेबलावर. शेवटचा हात तो फिरवायचा ना."

"आणि आठला यायला कधीपासून लागले?"

"मी हॉस्पिटलातून परत आल्यापासून. त्याचीही झोप तेव्हापासून गेली बघ. माझी काळजी केली असेल फार."

ती उठली. डॉक्टरीणबाईंनी परत केलेल्या तीन कवळ्या एकेक करून चौकटीवर लावल्या, निळा कागद धरला, टकटक केलं, उजेडात धरून पाहिलं. मग दादाचा खण उघडला. आत निळ्या कागदाच्या पुड्यांची रिकामी वेष्टनं होती, खच्चून भरलेली. खण नीट बंदही होत नव्हता. ती ते बघत कितीतरी वेळ उभी राहिली. मग खिडकीकडे तोंड करून रडायला लागली, अगदी लहानपणी रडायची तशी, खांदे उडवत.

मी तिला रडू दिलं. बाप गेल्यावर पहिल्यांदा रडली पोर. वहिनीचं म्हणणं खरं ठरलं.

थोड्या वेळाने म्हणाली, "मला वाटायचं, त्यांनी मला घालवलं."

"घालवलंच," मी म्हणालो. खोटं कशाला बोलू? "पण मनातून वाईट वाटत असणार त्याला."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मला काही समजेना. जवळ येऊन माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी त्रेसष्ट वर्षांचा माणूस.

६ ऑक्टोबर, रविवार

मायलेकी सकाळभर दादाच्या खोलीत दार लावून बोलत होत्या. दोघींचे डोळे सुजलेले. मी मध्ये गेलो नाही, सामानाची बांधाबांध चालली असेल. वहिनी गेली की या घरात माझ्याशी कोण बोलणार, हा विचार दिवसभर मनातून जाईना.

१० ऑक्टोबर, गुरुवार

लिहायला हात शिवशिवतोय. वहिनी जात नाही. पोरगीच राहते आहे.

चहा पिताना सहज सांगावं तसं तिने सांगितलं, "काका, मी तिकडची नोकरी सोडते. बाबांच्या टेबलावर बसू का?"

मी म्हणालो, "माझं टेबल खिडकीकडे सरकवायचं का?"

"नाही. काकाच्या टेबलाला हात लावायचा नाही." आणि हसली. बापाच्या आवाजात म्हणाली. आम्ही तिघंही हसलो आणि मग कुणालाच हसणं पुढे नेता येईना.

सोमवारपासून बसणार. म्हणते, आठला जाईन, मलाही निवांत पेपर वाचायला आवडतो. वळण बापाचं, दुसरं काय. एका वहीने एवढं काम केलं. दादा, तुझ्यावरचा पोरीचा राग मी उतरवला. तुझ्यासाठी एवढं तरी माझ्या हातून झालं.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

या आठवड्यात एकही कवळी परत आली नाही. डॉक्टरीणबाईंचा फोन आला, काम पूर्वीसारखं होतंय म्हणाल्या. मी पोरीला सांगितलं, "बघ, मेणाचं खोकं बदललं, संपला प्रश्न." ती म्हणाली, "मेणाचाच दोष होता काका."

पाठीला पाठ लावून बसतो. मागे कुणीतरी श्वास घेतंय, एवढ्याने माझा हात निवांत चालतो.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

काल चष्मा कारखान्यात विसरला. सकाळी घरात काही वाचता येईना, म्हणून सव्वाआठलाच निघालो.

दाराच्या काचेतून ती दिसली. दादाच्या टेबलावर दिवा लावलेला. पेपर स्टुलावर, घडी न मोडलेला. तिच्यासमोर चौकट, आणि चौकटीवर मी काल संध्याकाळी बसवलेले दात. निळा कागद धरून तिने टकटक केलं. मग गरम हत्याराने मेण सैल करून एक दात काढला, किंचित दाबून पुन्हा बसवला. मग पुढचा. मग त्यापुढचा. सगळे डाव्या बाजूचे. पुन्हा कागद, पुन्हा टकटक. अंगठा आणि दोन बोटं निळी झाली होती.

मी दार ढकललं नाही. गल्लीच्या टोकाला बाक आहे, तिथे जाऊन बसलो.

आधी लाज वाटली. मग दादाचा भयंकर राग आला, की हा माणूस अकरा वर्षं माझ्याशी खोटं बोलला. मग एकेक गोष्ट आपोआप जागेवर बसायला लागली. चौकटीला आपटलेला डावा खांदा, वहीतलं डावीकडचं कोरं पान: त्या आजारपणापासून मला डावी बाजू नीट उमगतच नव्हती. त्या दीड महिन्यानंतर त्याची मोडलेली झोप. जज्जसाहेबांच्या चिठ्ठ्या, ज्या त्याने लावल्याच नव्हत्या. "तुझी नजर इथे नको." तिने पहिल्याच दिवशी ओळखलं असतं आणि तरुण वयात पटकन बोलून गेली असती, म्हणून त्याने तिलाच दूर केलं. माझ्या टेबलासाठी पोटची पोर घालवली आणि तिचा राग मुकाट्याने पोटात घालून गेला. आणि मी वहीत लिहितो, पोरीवर त्याने अन्याय केला. अन्याय झालाच. तो माझ्यामुळे झाला, एवढंच लिहायचं राहिलं होतं.

त्या शेवटच्या सकाळीही तो माझंच काम दुरुस्त करायला बसला होता.

रस्त्यातच रडलो. येणारेजाणारे बघत होते. बघू देत.

नऊला उठलो, तोंड पुसलं. लांबूनच खाकरत गेलो आणि दाराच्या कडीशी मुद्दाम खटपट केली. ती बोटं पँटला पुसत होती.

"काय म्हणतोय पेपर?" मी विचारलं.

"विशेष काही नाही," ती म्हणाली.

मी चष्मा घेतला आणि आपल्या टेबलावर जाऊन बसलो. ती चहा आणायला बाहेर गेली, तेव्हा स्टुलावरच्या पेपरची घडी मोडली, दोन पानं उलटीसुलटी करून ठेवली. दादाच्या वेळी हे करायला मी कधी लवकर आलो नाही.

दुपारी घरी जेवायला बसलो. अर्धं जेवण झालं आणि वहिनीचा हात पुढे येतो आहे असं वाटलं, तेव्हा मी स्वतःच ताट धरून फिरवलं. इतका वेळ न दिसलेली सगळी भाजी त्या डाव्या अर्ध्यात होती. आमटीची वाटीही तिकडेच, भरलेली. वहिनीने हात मागे घेतला आणि पदर तोंडाला लावला. पोरगी मान खाली घालून जेवत होती.  मी सगळं संपवलं.

हात धुताना पोरीला सांगितलं, उद्यापासून मी साडेनऊला येणार. वय झालं, सकाळी उरक होत नाही. तुला पेपर वाचायला अर्धा तास जास्त मिळेल.